बसवण्याआधी काढण्याचं बोला

पारनेर तालुक्यातल्या कुठल्याही गावात लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीच्या ओट्यावर तासभर बसलं, तर एक बाई हमखास भेटते. मांडीवर चार महिन्यांचं बाळ, पदराला धरून उभं असलेलं अडीच वर्षांचं पोर, वय तेवीस-चोवीस. आशाताई विचारते, "पुढचं काय ठरवलं गं?" उत्तर येतं, "आता ऑपरेशनच करून टाकायचं." पहिल्या मुलानंतर काही वापरलं होतं का, असं विचारलं की ती नुसती हसते. पहिल्यावर दुसरं लवकर राहिलं आणि दुसऱ्यावर ऑपरेशन. या दोहोंच्या मधल्या काळात पाळणा लांबवायला तिच्या हाताशी काय होतं आणि काय असायला हवं होतं, हा या पुस्तिकेचा विषय आहे. त्यातही भर आहे तो दंडाच्या कातडीखाली बसवायच्या हार्मोनच्या काडीवर, म्हणजे इम्प्लांटवर.

कुटुंबनियोजन पारनेरला नवं नाही. तालुक्यातल्याच राळेगणसिद्धीची पंचसूत्री सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे : नशाबंदी, नसबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि श्रमदान. पाण्याच्या थेंबाचा हिशोब मांडणाऱ्या गावाला घरातल्या माणसांचाही हिशोब मांडावा लागला, यात नवल नाही. पण नसबंदी ही थांबण्याची सोय आहे, थोडं थांबून पुढं जाण्याची नाही. आपल्या राज्यात मात्र तीच एक सोय खोलवर रुजली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या विवाहित बायकांपैकी जवळजवळ निम्म्या बायकांचं ऑपरेशन झालेलं आहे. देशाचा आकडा ३७.९ टक्के. पुरुषांच्या नसबंदीचं प्रमाण शंभरात एकही भरत नाही, आणि तांबी, गोळ्या, इंजेक्शन वापरणाऱ्या बायका फारच थोड्या. त्याच पाहणीत वीस ते चोवीस वयाच्या महाराष्ट्रातल्या बायकांपैकी २१.९ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. लग्न लवकर, मुलं लागोपाठ आणि पंचविशीच्या आत कायमचा निर्णय, असं हे गणित आहे. त्यात बाईच्या अंगाला श्वास घ्यायला जागा उरत नाही.

पारनेरच्या घरांची घडण लक्षात घेतली, तर मधल्या काळाची साधनं इथं का टिकत नाहीत हेही कळतं. तालुक्यातली कितीतरी घरं मुंबई-पुण्याच्या पगारावर चालतात. नवरा महिना-दोन महिन्यांनी चार दिवस गावी येतो. त्या चार दिवसांसाठी तीस दिवस रोज गोळी घ्यायची, हे बाईला पटत नाही आणि सासूला तर मुळीच नाही. गोळ्यांचं पाकीट सापडलं, तर नवरा नसताना हिला गोळ्या कशाला, अशी कुजबुज सुरू होते. धवळपुरीकडची मेंढपाळ कुटुंबं कित्येक महिने गावाबाहेर असतात. अंतरा इंजेक्शनची तीन महिन्यांची तारीख येते, तेव्हा त्यांचा वाडा कुठल्या तरी दुसऱ्याच तालुक्यात पडलेला असतो. सुप्याच्या एमआयडीसीत पाळीनं कामाला जाणाऱ्या मुलींना आरोग्य केंद्राची वेळ गाठता येत नाही. रोज, दर आठवड्याला किंवा दर तिमाहीला आठवण ठेवावी लागणार नाही, असं साधन या बायकांना हवं आहे. तांबी तसं आहेच. इम्प्लांट हे त्यातलं दुसरं.

आता ही वस्तू जवळून पाहू. काडेपेटीतल्या काडीएवढी, चार सेंटिमीटर लांब आणि दोन मिलिमीटर जाड अशी ती मऊ प्लास्टिकची, सहज वाकणारी काडी असते. तिच्यात इटोनोजेस्ट्रेल नावाचं ६८ मिलिग्रॅम हार्मोन भरलेलं असतं. बाईच्या अंगात पाळीच्या चक्रात जे प्रोजेस्टेरॉन तयार होतं, त्याच्या जातीचंच हे औषध. काडीतून ते रोज अगदी थोडं झिरपतं. सुरुवातीच्या आठवड्यांत दिवसाला साठ-सत्तर मायक्रोग्रॅम, आणि तिसऱ्या वर्षाच्या शेवटी पंचवीस-तीस. एवढ्यानं दोन कामं होतात. बीजकोशातून बीज बाहेर पडणं थांबतं, आणि गर्भाशयाच्या तोंडाशी असलेला चिकट स्राव इतका दाट होतो की शुक्रजंतूंना आत जाता येत नाही. इस्ट्रोजेन यात अजिबात नसतं. म्हणून अंगावर पिणारं बाळ असलेल्या आईलाही ती देता येते.

बसवण्याचं काम काही मिनिटांचं आहे. बाई आडवी होते. ज्या हातानं ती जास्त काम करते तो सोडून दुसरा हात कोपरात वाकवून डोक्याशी घेते. कोपराच्या आतल्या हाडापासून आठ ते दहा सेंटिमीटर वर, दंडाच्या आतल्या बाजूला, शिरा आणि नसा टाळून थोडं मागं, अशी जागा शाईनं आखतात. तिथं बधिर करण्याचं इंजेक्शन देतात. मग तयार सुईच्या यंत्रानं काडी कातडीच्या अगदी लगत खाली सरकवतात. टाका पडत नाही, पट्टी बांधतात. यानंतरची पायरी सगळ्यांत महत्त्वाची : बसवणाऱ्यानं बोटानं चाचपून काडी हाताला लागते याची खात्री करायची, आणि बाईलाही तिच्याच बोटानं ती चाचपायला लावायची. काडी बोटाला लागत नसेल, तर ती खोल गेलेली असू शकते किंवा आत गेलीच नसू शकते. अशा वेळी एक्स-रे किंवा सोनोग्राफी करून ती शोधतात. एक्स-रेमध्ये दिसावी म्हणून नव्या काडीत बेरियम सल्फेट घातलेलं असतं. पाळी सुरू झाल्यापासून पाच दिवसांच्या आत बसवली तर ती लगेच काम करते. इतर वेळी बसवली तर पुढचे सात दिवस निरोध वापरावा लागतो.

भरवशाचा हिशोब दर हजार बायकांमागे एका वर्षाचा मांडतात. रोजच्या वापरातल्या चुका धरून बोलायचं तर निरोधवर अवलंबून असलेल्या हजार जोडप्यांत साधारण १३० जणींना दिवस राहतात, गोळ्यांवर ७०, इंजेक्शनवर ४०. तांबीवर आठ, आणि बाईच्या ऑपरेशनवर पाच. इम्प्लांटवर एकही पुरी भरत नाही. म्हणजे कायमच्या ऑपरेशनपेक्षाही जास्त भरवसा, आणि तरीही काढली की महिनाभरात बहुतेक जणींचं बीज पुन्हा तयार होऊ लागतं. हा हिशोब ऐकला की ऑपरेशनची घाई करणाऱ्या तेवीस वर्षांच्या बाईपुढं एक खरा पर्याय उभा राहतो. दुसरं मूल शाळेत जाईपर्यंत थांबू, मग पाहू, असं म्हणण्याची मुभा तिला मिळते.

पण कागदावरचा हा हिशोब इथंच थांबवला, तर तिची फसवणूक होईल. इम्प्लांटची खरी अडचण पाळीची आहे. हार्मोनची मात्रा सतत एकसारखी राहिल्यानं गर्भाशयाच्या अस्तराची महिन्याची शिस्त मोडते. साधारण पाचातल्या एकीची पाळी बंदच होते. कुणाला दोन-दोन महिन्यांनी थोडं डाग पडल्यासारखं होतं. कुणाच्या अंगावरून पंधरा-पंधरा दिवस थोडं थोडं जात राहतं. यातून जिवाला धोका नसतो, रक्तही एकंदरीत कमीच जातं, पण कधी येईल याचा नेम नसतो. जगभरात साधारण दहातली एक बाई याच कारणानं काडी मुदतीआधी काढून घेते.

शहरातल्या दवाखान्यात याला किरकोळ त्रास म्हणतील. पारनेरच्या घरात तो किरकोळ नाही. जिथं पाळीत देवघरात जायचं नाही, लोणच्याच्या बरणीला हात लावायचा नाही, काही घरांत अजूनही पाणी भरायचं नाही, तिथं महिन्यातले चार दिवस पंधरा झाले तर घरातला सगळा कारभार अडतो. जत्रेच्या वेळी, नवरात्रात, घरात लग्न असताना बाई बाजूला बसली की चारचौघांत चर्चा होते. कांद्याच्या लागवडीला वाफ्यात दिवसभर वाकून काम करणारीला पाच तास कपडा बदलायला आडोसा मिळत नाही. आणि पाळी बंद झाली तर उलटाच घोर लागतो : दिवस तर नाहीत ना राहिले, की अशुद्ध रक्त आत साठतंय? रक्त आत साठत नाही. अस्तर पातळ राहिल्यानं बाहेर पडायला रक्तच तयार होत नाही, एवढंच. हे आधी समजलं नाही तर बाई घाबरते, गावभर बोभाटा होतो आणि दहा जणी मागं फिरतात. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांनी पाळीचा आणि अंगावरच्या पांढऱ्या पाण्याचा त्रास नको म्हणून पिशवीच काढून टाकल्याचं २०१९ मध्ये सगळ्या महाराष्ट्रानं वाचलं. पाळीच्या तक्रारीला किरकोळ म्हणण्याची किंमत काय असते, ते त्यावरून कळावं. म्हणून या पुस्तिकेत पाळीचं प्रकरण शेवटच्या 'दुष्परिणाम' या चौकटीत ढकललेलं नाही. काडीचे फायदे सांगायच्याही आधी ते घेतलं आहे.

आणखी दोन-तीन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवाव्यात अशा आहेत. क्षयरोगाच्या उपचारातलं रिफॅम्पिसिन, आणि फिट येण्यावरची फेनिटॉइन व कार्बामाझेपिन ही औषधं यकृताला इतकं कामाला लावतात की काडीतलं हार्मोन अंगात टिकत नाही. यातली टीबीची किंवा फिटची गोळी चालू असलेल्या बाईला हे साधन भरवशाचं नाही. स्तनाचा कर्करोग असलेल्या, यकृताचा गंभीर आजार असलेल्या, किंवा कारण न कळलेलं रक्त अंगावरून जात असलेल्या बाईनं ती घेऊ नये. डोकं दुखणं, चेहऱ्यावर पुटकुळ्या, छाती दुखरी होणं, वजन थोडं वाढणं, मन उदास राहणं, हे काहींना होतं. गुप्तरोग किंवा एचआयव्ही यापासून काडी वाचवत नाही, त्याला निरोधच लागतो.

हे साधन आपल्याकडं अलीकडं आलं, पण त्यामागचा वाद शंभर वर्षांचा आहे, आणि त्यात आपल्या नगर जिल्ह्याचाही वाटा आहे. १९२१ साली र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. या कामापायी विल्सन कॉलेजची नोकरी गेली, तरी १९२७ पासून १९५३ मध्ये निधन होईपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. मुंबई विधानसभेत १० नोव्हेंबर १९३८ रोजी संततिनियमनाचा प्रचार आणि सोयी सरकारनं कराव्यात, असा ठराव आला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यासाठी भाषण लिहून दिलं होतं. ते सभागृहात मांडलं नगर जिल्ह्यातून निवडून आलेल्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या प्रभाकर जनार्दन रोहम यांनी. बाळंतपणानं खचलेल्या बाईला मूल कधी हवं हे ठरवता आलं पाहिजे, हा मुद्दा त्या दिवशी नगरच्या प्रतिनिधीच्या तोंडून विधानसभेनं ऐकला. ठराव नामंजूर झाला.

पुढं देश स्वतंत्र झाला, १९५२ साली सरकारचा कुटुंबनियोजन कार्यक्रम सुरू झाला आणि हळूहळू बाईचा प्रश्न बाजूला पडून आकड्याचा प्रश्न पुढं आला. आणीबाणीत, १९७६ मध्ये, ठरावीक मुलांनंतर सक्तीनं नसबंदी करण्याचं विधेयक महाराष्ट्राच्या विधिमंडळानं मंजूरही केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही. त्या काळात पुरुषांवर जी जबरदस्ती झाली, तिच्या धसक्यानं पुरुषांची नसबंदी जवळपास बंद पडली आणि सगळं ओझं बायकांच्या अंगावर आलं.

काडीची गोष्टही याच काळात सुरू होते. सहा नळ्यांचं नॉरप्लांट पॉप्युलेशन कौन्सिल या संस्थेनं विकसित केलं. १९८३ मध्ये फिनलंडनं त्याला प्रथम मान्यता दिली. भारतात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं त्याच्या चाचण्या घेतल्या. त्याच सुमाराला नेट-एन या इंजेक्शनच्या चाचणीसाठी हैदराबादजवळच्या आरोग्य केंद्रात बायकांना पुरती माहिती न देता बोलावल्याचं उघड झालं. हैदराबादची स्त्री शक्ती संघटना, दिल्लीची सहेली अशा संघटनांनी १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. मुंबईच्या फोरम फॉर विमेन्स हेल्थनंही दीर्घकाळ टिकणाऱ्या हार्मोनच्या साधनांविरुद्ध आवाज उठवला. त्यांचा आक्षेप साधा होता : एकदा अंगात घातलं की बाई स्वतःच्या हातानं ते काढू शकत नाही. गोळी ती उद्या थांबवेल. काडी काढायला मात्र तिला दवाखान्याच्या दारात जावं लागेल, आणि दारातल्या माणसानं नाही म्हटलं तर? बांगलादेशातल्या नॉरप्लांटच्या चाचण्यांत काढून मागणाऱ्या बायकांना परत पाठवल्याच्या तक्रारी जगभर गाजल्या. अमेरिकेतही हजारो बायका कोर्टात गेल्या आणि २००२ मध्ये नॉरप्लांट तिथल्या बाजारातून गेलं.

मग एका काडीचं साधन आलं. सहा नळ्यांऐवजी एकच काडी, सुईच्या यंत्रानं सहज बसणारी, आणि नीट बसवली असेल तर दोन-तीन मिलिमीटरची चीर देऊन काही मिनिटांत निघणारी. आपल्याकडं इंजेक्शनलाही सरकारी कार्यक्रमात यायला खूप वर्षं लागली. २०१७ मध्ये ते 'अंतरा' या नावानं आलं, जोडीला आठवड्याची गोळी 'छाया'. २०२३ च्या सुमारास काडीही निवडक राज्यांतल्या निवडक जिल्ह्यांत टप्प्याटप्प्यानं देण्याचं केंद्र सरकारनं ठरवलं. साधन सुधारलं, हे खरं. पण जुन्या संघटनांचा तो प्रश्न अजून तसाच उभा आहे, आणि या पुस्तिकेला जे एक सांगायचं आहे ते त्याच प्रश्नाचं उत्तर आहे : काडी बसवायला जितके हात तयार असतील, तितकेच ती काढायला तयार असले पाहिजेत.

म्हणजे काय, ते स्पष्ट सांगायला हवं. ज्या केंद्रात काडी बसते, तिथंच ती काढता आली पाहिजे, आणि ती काढायला शिकलेला माणूस रजेवर असेल तर दुसरा कोण, हे फळ्यावर लिहिलेलं असलं पाहिजे. बाई आली आणि काढा म्हणाली की काढायची. तीन महिने थांबून पाहा, सवय होईल, असा सल्ला देता येईल, पण एकदाच. तिनं पुन्हा काढा म्हटलं की वाद संपला. नवऱ्याची सही कशालाच मागायची नाही. नसबंदीलाही सरकारी नियमानं जोडीदाराची सही लागत नाही, मग काडीला कशी लागेल? बसवल्याची तारीख आणि काढण्याची तारीख लिहिलेलं कार्ड बाईच्या हातात पाहिजे, आणि ते मुंबईकडं कामोठ्याला, पुण्याकडं भोसरीला किंवा घाटाखालच्या कुठल्याही सरकारी दवाखान्यात चाललं पाहिजे. काडीची तीन वर्षांची मुदत भरली की आशाताईनं घरी जाऊन आठवण करायला हवी, कारण मुदत संपलेली काडी दंडात राहिली तर बाई भरवशावर बसते आणि त्या भरवशाची हमी तर संपलेली असते.

हे सगळं कागदावर लिहायला सोपं आहे. पण आकड्याचा दबाव वरून येतो, तेव्हा काढून घेणाऱ्या बाईकडं 'केस गेली' म्हणून पाहिलं जातं. १९९६ पासून कार्यक्रम उद्दिष्टमुक्त आहे असं म्हणतात, तरी 'टार्गेट' हा शब्द आरोग्य केंद्राच्या बोलण्यातून गेलेला नाही. २०१४ मध्ये छत्तीसगडमधल्या बिलासपूरच्या शिबिरात एका दिवसात ८३ बायकांची ऑपरेशनं उरकली गेली आणि त्यातल्या तेरा-चौदा जणी दगावल्या. त्यानंतर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शिबिरातली नसबंदी तीन वर्षांत बंद करायला सांगितलं. आकड्यामागं धावणारा कार्यक्रम कुठं जाऊन आपटतो, त्याचा हा दाखला आहे. काडीचा कार्यक्रम त्या वाटेनं जायचा नसेल, तर किती बसवल्या याच्या शेजारी, मागितल्याबरोबर किती काढून दिल्या हा रकानाही नोंदवहीत हवा. ज्या केंद्रात काढण्याचा आकडा शून्य असेल तिथं बायका खूश आहेत असं समजू नये. आधी जाऊन विचारावं.

आपल्या जिल्ह्यातच याचा एक चांगला धडा आहे. जामखेडला १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्यांनी गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका केलं. त्यातल्या कित्येक दलित होत्या, कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. पाळणा लांबवण्याचं बोलणं त्यांनी मूल जगवण्याच्या बोलण्याला जोडलं : आहे ते बाळ जगेल याची खात्री पटली की आई पुढच्याची घाई करत नाही. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण त्या कामाची खरी कमाई अशी की, गावातल्या बाईचं दुसऱ्या बाईनं शेजारी बसून ऐकलं तेव्हा गोष्टी बदलल्या. आशाताई आज त्याच जागी आहे. तिच्या मानधनाच्या कागदात कुठल्या साधनाला किती रुपये आहेत, यावर तिचा सल्ला ठरू नये, एवढी काळजी व्यवस्थेनं घ्यावी.

ही पुस्तिका म्हणून दोघींसाठी आहे : सांगणारीसाठी आणि ऐकणारीसाठी. पहिल्या भागात अंगाची आणि पाळीची माहिती आहे, दुसऱ्यात निरोध, माला-एन गोळ्या, छाया, अंतरा, तांबी, इम्प्लांट आणि दोन्ही नसबंद्या शेजारीशेजारी ठेवल्या आहेत, तिसऱ्यात बायकांनी विचारलेले प्रश्न. इम्प्लांट सगळ्यांत चांगलं आहे, असं ती कुठंच म्हणत नाही. एखादीला तांबीच बरी, एखादीला निरोध पुरेल, आणि एखाद्या घरात नवऱ्यानं स्वतःची नसबंदी करून घेतली तर बाईच्या अंगात काहीच घालावं लागणार नाही.

आशाताई, एएनएम, वैद्यकीय अधिकारी यांना एक विनंती. हे पान उलटण्याआधी आपल्या केंद्रात काडी काढायला कोण शिकलं आहे, ते विचारून घ्या. उत्तर मिळेपर्यंत एकाही बाईला काडी बसवू नका. आणि ही पुस्तिका हातात घेतलेल्या बाईला एवढंच सांगणं : आपल्या भागात हे साधन मिळतं का, ते ग्रामीण रुग्णालयात जाऊन विचारा. मिळत असेल तर काडी दाखवायला सांगा, पाळीचं काय होईल ते विचारा, टीबी किंवा फिटची गोळी चालू असेल तर ते आधी सांगा. आणि बसवून घ्यायच्या आधीच स्पष्ट विचारा, "मला नको झाली तर कोण काढेल, कुठं आणि किती दिवसांत?" या प्रश्नाचं सरळ उत्तर मिळालं, तरच हात पुढं करा.